एक्क्याऐंशी कविता

४ जून

प्रिय बाबा,

नात सुखरूप पोचली हे फोनवर सांगितलंच. पण फोनवर तुम्ही अर्धं ऐकता आणि उरलेलं मनाने रचता, म्हणून सगळं पुन्हा नीट लिहिते.

विमानतळावर मी तिला ओळखलं, तिने मला ओळखलं. पण दोघींनाही एकेक क्षण लागला. तुमच्याकडे सोडून आले तेव्हा साडेपाचची होती, आता आठची. पुढचे दोन दात केवढे आलेत! तुम्ही ठेवलेलं खारू हे नाव आता खरं शोभतं. तुमचे जावई दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि घरी आले की खारूला खांद्यावर घेऊन 'कितवा मजला, मॅडम?' विचारतात. ती हसत नाही. 'कुठलाही चालेल,' म्हणते.

आता मुद्द्याचं. सप्टेंबरात शाळा सुरू होतात आणि आमच्यापुढे दोन आहेत. एक टेकडीवरची. दगडी जिने, मोठं सभागृह, भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांची सोनेरी नावं. मुलं रांगेत चालतात, बुटांचा एकच आवाज येतो. दुसरी आमच्याच गल्लीत, बेकरीच्या मागे. पूर्वी तिथे गालिच्यांचं गोदाम होतं म्हणे. वर्गात अकरा मुलं. मोठ्या बाई स्वतः जमिनीवर बसून शिकवतात आणि मुलं त्यांना नावाने हाक मारतात. जावई म्हणाले, 'बाई जमिनीवर, मग मुलं काय छपरावर?'

दोन्ही शाळांना एक पत्र हवंय, तिला आधी ज्यांनी शिकवलं त्यांचं. मूल कसं आहे, एवढंच लिहायचं. तुम्ही तिचे आजोबाही आणि शिक्षकही. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी शाळेत जाऊन फुकट कवितेचा तास घेणं तुमचं सुटलेलं नाही. त्याचा निदान आता उपयोग होऊ दे. आपल्या भाषेतलं चालेल, इथे सरकारी भाषांतरकार आहेत. पाकीट बंद करून पाठवा, तसा नियम आहे.

आणि बाबा, ही नेहमीच इतकी गप्प असते का? पाणी हवं असलं तरी मागत नाही. माझ्याकडे बघत बसते. घरात मीच पाहुणी असल्यासारखं वाटतं.

तुमची लेक

१६ जून

लाडक्या लेकीस,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं ते टेकडीवरचं सभागृह. मी ते पाहिलेलं नाही, पण मला ते पूर्ण दिसतं. उंच खिडक्या, त्यातून पडलेलं तिरपं ऊन, आणि त्या उन्हात हात मागे बांधून उभी राहिलेली आपली खारू. अगं, अशा सभागृहात कविता म्हणायला मिळावी म्हणून आम्ही तरसलो. आमचा वर्ग म्हणजे गळकं छप्पर आणि तीन पायांचं टेबल. पण कविता सुरू झाली की चाळीस मुलांचा एक सूर लागायचा आणि शेजारचा शिंपी मशीन थांबवून ऐकायचा. आज कुणाला सांगून पटत नाही. मुलं आता कविता डोळ्यांनी वाचतात! नदीची कविता डोळ्यांनी वाचून नदी वाहील का?

खारूला किती कविता येतात ठाऊक आहे? एक्क्याऐंशी. मी वहीच ठेवली आहे. नदीची, पतंगाची, हरवलेल्या वासराची, दिव्याची. एकही अक्षर इकडचं तिकडे होत नाही. माझ्या अडतीस वर्षांच्या नोकरीत असं मूल मला मिळालं नाही. तुझीही मजल सतरापुढे गेली नव्हती, राग मानू नकोस.

गप्प आहे म्हणतेस. गप्प नाही ती, शांत आहे. शेजारची नातवंडं बघ, घर डोक्यावर घेतात. ही माझ्या पायाशी तासन्‌तास बसायची. लोक विचारायचे, मास्तर, ही मुलगी आहे की चित्र?

पाकीट सोबत आहे. दोन प्रती केल्या, दोन्ही माझ्या हाताने, टाक घेऊन. उघडू नकोस. काही काही गोष्टी आईबापांसमोर बोलायच्या नसतात, डोकी फिरतात. पण एवढं सांगतो की टेकडीवरचे लोक पत्र वाचून तिला हातोहात उचलतील. गोदामात कशाला घालतेस पोरीला?

बाबा

२ जुलै

बाबा,

काय लिहिलंत तुम्ही?

मी अजून सावरलेली नाही.

टेकडीवरच्या शाळेने पत्र वाचून लगेच कळवलं, मुलगी फार शिस्तीची दिसते, ऑगस्टच्या आधी एक आठवडा पाठवून बघा. तुम्ही म्हणालात तसंच झालं. मी खुशीत गल्लीतल्या शाळेत गेले, नको म्हणून सांगायला. मोठ्या बाईंनी मला आत घेतलं आणि दार लावलं. तुमच्या पत्राचं भाषांतर पुढे ठेवलं. काही वाक्यांखाली पेन्सिलीने रेघा होत्या. आणि विचारलं, 'तुमच्या घरात या मुलीला कुणाची भीती वाटते?'

मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या खोलीत आले.

मग त्यांनी एकेक वाक्य वाचलं. विचारल्याशिवाय बोलत नाही. ताटात पडेल ते खाते, दुसऱ्यांदा मागत नाही. पडली, लागलं, तरी तोंडातून आवाज काढत नाही. एका जागी चार तास बसू शकते. अडीच वर्षांत आईवडिलांची आठवण काढून एकदाही रडली नाही. भाषांतरात चूक असेल म्हणून मी मूळ पत्र मागून घेतलं. चूक नव्हती. तुमचं ते मोत्यासारखं अक्षर होतं.

मी भांडले, बाबा. म्हटलं, हे कौतुक आहे! माझे वडील मुंगी चालताना दिसली तरी पाय उचलून धरतात. आमच्याकडे शांत मुलाला चांगलं म्हणतात. त्या सगळं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, 'तुमच्या वडिलांवर माझा संशय नाही. पण आठ वर्षांचं मूल असं असत नाही. असं ते होतं.' आणि महिनाअखेरीस एक बाई घरी येऊन बघून जातील म्हणाल्या. घरी! माझ्या घरी! मी वॉर्डात तीस रोग्यांची देखभाल करते, आणि मला माझं मूल सांभाळता येतं का हे बघायला बाई येणार!

तुमचे जावई तर म्हणाले, गेलं ते गोदाम खड्ड्यात. टेकडीवरच पाठवायचं ठरवलंय.

पण एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कुणाला विचारू? तुम्हालाच विचारते. एकदाही नाही, बाबा? अडीच वर्षांत माझी आठवण एकदाही नाही?

तुमची लेक

१४ जुलै

लाडक्या लेकीस,

सकाळी तुझं पत्र आलं आणि कुणीतरी भर चौकात थोबाडीत मारल्यासारखा दिवसभर बसून राहिलो. भीती? माझ्या घरात? ज्या वर्गात छडी नुसती कोपऱ्यात उभी असायची, वाळवी लागली तरी कुणी उचलली नाही, त्या वर्गाच्या मास्तराबद्दल हे? त्या बाईंना सांग, मी मुलांवर हात नाही उगारला, कधीच नाही. त्यांच्या देशात आरडाओरडा म्हणजे बालपण असेल. आमच्याकडे बालपणाला थोडी लय असते.

ठरवलंस ते उत्तम केलंस. टेकडीवर तिला ओळखणारे लोक भेटतील. पहिल्याच आठवड्यात तिला कविता म्हणायला सांगा. त्यांना भाषा कळणार नाही, पण ताल कळेल. तालाला कुठे भाषांतर लागतं?

तू विचारलंस त्याबद्दल. मुलं विसरतात गं. देवाने त्यांना ते वरदान दिलंय. सुरुवातीला थोडं असतं, नाही असं नाही, पण मन दुसरीकडे वळवलं की वळतं. मी वळवलं. तू त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, उलट निश्चिंत हो. मूल आनंदात होतं, कवितेत होतं. संध्याकाळी दिवा लागला की स्वतःहून माझ्याजवळ यायची आणि म्हणायची, 'आजोबा, नवीन कविता.' असं मूल दुःखी असतं का?

त्या घरी येणाऱ्या बाईंना चहा दे आणि खारूला पतंगाची कविता म्हणायला सांग. परत जातील.

बाबा

३० जुलै

बाबा,

तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. घरी आलेल्या बाई चहा पिऊन, पतंगाची कविता ऐकून परत गेल्या. आता काय झालं ते वाचा.

टेकडीवरच्या शाळेत तिचा आठवडा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सभागृहात तिने नदीची कविता म्हटली. हात मागे, मान ताठ. कुणाला एक शब्द कळला नाही, तरी टाळ्या थांबेनात. मीही मागे उभी राहून वाजवल्या. तुमची आठवण झाली.

चौथ्या दिवशी मुलं कोट अडकवायच्या खोलीत गेली. दार जड आहे, आपोआप लागतं. खारूचं बोट बिजागरीच्या फटीत गेलं आणि दार लागलं. शेजारी सहा मुली होत्या. कुणाला काही कळलं नाही, कारण ती ओरडलीच नाही. हात सोडवला, तो फ्रॉकच्या मागे धरला, वर्गात आली, बाईंच्या टेबलापुढे उभी राहिली आणि कविता म्हणायला लागली.

बाईंना वाटलं, तिला पुन्हा म्हणून दाखवायचंय. त्यांनी वर्ग थांबवला. ती दिव्याची कविता म्हणत होती, पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी ती हलेना. मग दुसरी सुरू केली. तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी किंचाळली. जमिनीवर रक्ताचं एवढं थारोळं झालं होतं.

मी कामावर होते. त्यांनी तिला माझ्याच इस्पितळात आणलं. सतरा वर्षं मी नर्स आहे, बाबा, हात तुटलेली माणसं पाहिली आहेत. पण माझी मुलगी पांढऱ्याफटक चेहऱ्याने कॉटवर बसून पुटपुटत होती आणि मला आधी काही सुचलंच नाही. नख गेलं. हाड वाचलं. टाके घालताना मी विचारलं, 'खारू, ओरडली का नाहीस? बाईंना सांगितलं का नाहीस?'

ती मला समजावून सांगायला लागली. मला! जणू मला साधी गोष्टही ठाऊक नाही. म्हणाली, 'आई, काही हवं असलं की कविता म्हणायची. आजोबांनी शिकवलंय. विचारायचं नसतं, म्हणायचं.'

टेकडीवरच्या बाई तिच्या धीराचं कौतुक करत होत्या. पुढच्या महिन्यात सर्वांसमोर तिला बिल्ला देणार आहेत. शूर मुलगी म्हणून.

तुम्ही काय केलंत? लयीत नको, तालात नको. सरळ लिहा. शाळेला उत्तर मी तुमचं पत्र आल्यावरच देईन.

लेक

११ ऑगस्ट

लेकी,

सरळ लिहितो.

तू गेलीस त्या संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, 'आई कधी येणार?' मी म्हटलं, ये, तुला नदीची कविता शिकवतो, ती पाठ झाली की सांगतो. तिला दीड तास लागला. पाठ झाल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी म्हटलं, शाबास, आता झोप.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी पतंगाची शिकवली. तिसऱ्या दिवशी वासराची. विचारलं की कविता. रडू आलं की कविता. मला वाटलं, केवढी युक्ती सापडली! वहीत तारीख घालून नाव लिहीत गेलो. काही महिन्यांनी तिने तुझं नाव काढणं सोडलं. संध्याकाळी यायची आणि म्हणायची, 'आजोबा, नवीन कविता.' तुला मागच्या पत्रात हेच मिरवून लिहिलं मी.

काल वही काढून बसलो. एकीकडे तुझी पत्रं ठेवली. तुझं पत्र आलं त्या दिवशी कविता आहे. तुझा फोन आला त्या दिवशी आहे. तिचा वाढदिवस, तिला ताप आला तो आठवडा, शेजारणीची मुलगी माहेरी आली तो दिवस. प्रत्येक तारखेला आहे. तिला कवितेची गोडी लागली नव्हती गं. ती तुझंच विचारत होती. मी तिला विचारण्याचे शब्द बदलायला लावले, आणि एक्क्याऐंशी वेळा तिने ते निमूटपणे बदलले.

तू विचारलंस, एकदाही नाही? एक्क्याऐंशी वेळा. वहीत आहेत तेवढ्या. जुनीच कविता पुन्हा म्हणायला लावली, त्या वेळा वहीत नाहीत.

मी त्या पत्रात काय लिहिलं ते त्या बाईंना पहिल्या वाचनात दिसलं. मी टाकाने दोनदा लिहून काढलं, आणि मला दिसलं नाही. टेकडीवर पाठवू नकोस. तिथे तिला टाळ्या मिळतील. माझ्या घरातही टाळ्याच मिळाल्या. ज्यांनी दार लावून तुला विचारलं, त्यांच्याकडे पाठव. जमिनीवर बसू देत.

मी आता शाळेत तासाला जात नाही. गेलो होतो काल; मुलं म्हणाली, गुरुजी, कविता. मी खडू ठेवला आणि घरी आलो.

बाबा

१९ सप्टेंबर

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मी घरातल्या कोट अडकवायच्या खुंटीखाली उभ्याउभ्याच वाचलं आणि तिथेच खाली बसले. दोन दिवस तुमच्यावर इतकी चिडले होते की उत्तर लिहून फाडलं. मग माझी जुनी पत्रं आठवली. प्रत्येक पत्रात मी 'लवकरच येते, लवकरच नेते' लिहायची. इथे यायचे तिचे कागद दोनदा नाकारले गेले, हे मी तुम्हाला कधीच कळवलं नाही. तुम्ही तिला काय सांगणार होतात?

टेकडीवर नाही म्हणून कळवलं. ते बिल्ला पोस्टाने पाठवणार होते, मी नको म्हटलं. गल्लीतल्या शाळेत जाऊन मोठ्या बाईंना तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाल्या, 'हे लिहिणाऱ्या माणसाला माझा नमस्कार कळवा.' कळवला.

पहिले नऊ दिवस काही नाही. खारू आत जायची, बाहेर यायची. काही हवं असलं की कविता सुरू करायची. बाई टाळ्या वाजवायच्या नाहीत. कविता संपेपर्यंत शेजारी बसायच्या आणि मग माझ्याकडून शिकून घेतलेल्या आपल्या भाषेत विचारायच्या, 'हं. आणि काय हवंय?' रोज. प्रत्येक वेळी.

दहाव्या दिवशी मी तिला दारात सोडून वळले, तर मागून अशी किंकाळी आली की बेकरीवाला पिठाच्या हाताने बाहेर धावला. 'आई! तू कधी येणार? कधी? वेळ सांग!' मी थिजले. सांगितलं, सव्वातीनला. 'नक्की?' नक्की. दुपारी एका रोग्याचं सलाइन निघालं आणि मला पोचायला तीन वीस झाले. ती दारात उभी होती, लालबुंद. 'खोटारडी!' म्हणाली. 'पाच मिनिटं! पाच मिनिटं उशीर!' आणि तिने मला मारलं, बाबा. दोन्ही हातांनी, पोटात, सगळ्या पालकांसमोर. आजूबाजूच्या बाया तोंडाला हात लावून बघत होत्या. आणि मी रस्त्यात गुडघ्यांवर बसून, मार खात, देवाची शपथ, हसत होते. जावई म्हणाले, लिफ्ट अडीच वर्षं अडकली होती, सुटली एकदाची.

तुम्ही या ना इकडे. हिवाळ्याआधी या. सोबत तिचं पत्र आहे. मी वाचलेलं नाही, वाचू नकोस म्हणाली.

तुमची लेक

आजोबा,

माझं बोट बरं आहे. नवीन नख येतंय, ते वाकडं आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कविता पाठवू नका.

एक. आई येणार आहे, हे तुम्हाला माहीत होतं का?

दोन. तुम्ही इकडे कधी येणार?

खारू

२ ऑक्टोबर

खारू,

तुझं पत्र मिळालं. तू विचारलंस त्याच क्रमाने उत्तर देतो.

एक. नाही. मला माहीत नव्हतं. आई येईल असं वाटायचं, पण कधी येईल, येऊ शकेल का, हे मला माहीत नव्हतं. ते तुला सांगायची मला लाज वाटली. मी मास्तर होतो. वर्गात एखाद्याने विचारलं आणि उत्तर येत नसलं की मी म्हणायचो, चला, कविता घेऊ या. अडतीस वर्षांत एकाही मुलाला कळलं नाही. मला माहीत नाही, हे मी आज पहिल्यांदा लिहिलं. तू उंबऱ्यावर बसली होतीस त्या दिवशी म्हणायला हवं होतं. मग आपण दोघं मिळून रडलो असतो, आणि काही बिघडलं नसतं.

दोन. मी येणार नाही. माझ्या छातीत दुखतं आणि एवढ्या लांबचा प्रवास करायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. हे तुझ्या आईला मी कळवलेलं नाही. एवढा भाग तिला वाचून दाखव. तिला धक्का बसेल, तेव्हा आधी खाली बसायला सांग.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही इकडे याल असं तुझे बाबा म्हणतात. तोवर मी असेन का, असं तू विचारशील. तेही मला माहीत नाही. असलो तर फाटकाशी उभा असेन.

मला मारायचं असलं तर तेव्हा मार. तोवर लिहून पाठव.

आजोबा